समजा, सावे चोर आहेत

मी चोरी केली हे मी कधीच नाकारलं नाही. सगळा घोळ तिथेच झाला. नाकारली असती तर प्रकरण सोपं होतं. कंपनीने म्हणायचं केली, मी म्हणायचं नाही केली, आणि कोर्टाने दोघांना दमेपर्यंत तारखा द्यायच्या. पण मी पडलो हिशेबाचा माणूस. जन्मभर जी नोंद जिथे पडायला हवी तिथेच पाडत आलो. चोरी केली होती, म्हणून केली म्हटलं. तेही कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, फोटोसकट.

कंपनीचं नाव लिहीत नाही, आमच्या वकीलबाईंनी मना केलं आहे. तारापूर एमआयडीसीतली रंगांची रसायनं बनवणारी एक कंपनी, एवढं पुरे. सालवडच्या रस्त्याने घरी जाणाऱ्या कामगारांच्या नखांकडे पाहिलं की आज कुठला रंग निघाला ते कळतं. मी, कृष्णकांत सावे, तिथे हिशेब खात्यात. माझी नखं मात्र कायम स्वच्छ, आणि माझा अभिमान एवढाच होता.

सुरुवात झाली आमच्या सरावलीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत. माझी बायको समिधा केळव्याकडच्या वाडीवाल्या घरातली. काडी खुपसली तरी तिला पालवी फुटते. बाल्कनीत मिरच्या, अबोली, गवती चहा, सगळं खूष. फक्त मनी प्लँट लागेना. मी बेटेगावच्या नर्सरीतून एक आणून दिला, तो पंधरवड्यात पिवळा पडला. दुसरा आणला, त्याने तेवढाही धीर धरला नाही. समिधाने मेलेल्या वेलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं,

"बिल घेतलंत?"

"अर्थात घेतलं. पक्कं बिल."

"मग कसा लागेल? मनी प्लँट चोरून आणायचा असतो. बिल घेऊन आणलेला कधी जगलाय?"

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. जगात सगळ्यांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि पन्नाशी उलटलेल्या हिशेबनीसाने ते अंमलात आणणं वेगळं. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले प्रफुल्ल आले. प्रफुल्ल म्हणजे निवृत्त बँक अधिकारी. सल्ला द्यायला त्यांना दार उघडं लागत नाही, फट पुरते.

"चोरीलाही नियम आहेत, सावे," ते खुर्ची ओढत म्हणाले. "एक, आपल्यापेक्षा बरं चाललेल्या माणसाकडून चोरायचा. माझ्याकडून चोरून उपयोग नाही. दोन, मालकाला ठाऊक असावं, पण त्याने पाहू नये. तीन, आभार मानायचे नाहीत. आभार मानले की ती भेट झाली."

"आणि मालकानं मागून ओरडायचं," समिधाने आतून भर घातली. "आमच्याकडं माझी काकी ओरडायची, 'कोण हाय रे तिकडं?' आधी आपली पाठ वळू द्यायची, मग ओरडायची. मोठी समजूतदार बाई."

आपल्यापेक्षा बरं चाललेला माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमचे मोठे शेठ. त्यांच्या केबिनमध्ये एक मनी प्लँट होता, तो वेल म्हणायला लाज वाटावी असा. पांढऱ्या कुंडीतून निघून कपाटावर चढलेला, तिथून एसीला वळसा घालून लक्ष्मीच्या फोटोला हार घातल्यासारखा लोंबलेला. कंपनी मशिनवर चालते की या वेलावर, याबद्दल कामगारांत दोन मतं होती, आणि दुसऱ्या मताकडे माणसं जास्त होती.

मी दुपारी केबिनमध्ये गेलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "शेठ, मला तुमच्याकडे चोरी करायची आहे."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या कात्रीवर गेली, तिथून वेलावर गेली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वहिनीसाठी काय? अरे सावेभाई, एवढी वर्षं हिशेब सांभाळला, कधी एक टाचणी नाय नेली. मला वाटायचं हा माणूस कधी सुधारणारच नाय." त्यांनी खुर्ची गर्रकन खिडकीकडे फिरवली. "चोरी करायची तर सरखी, नीट करा. खालची गाठ घ्या, वरची नको."

मी गाठीखाली कापलं आणि फांदी ओल्या रुमालात गुंडाळली. शेठ खिडकीबाहेरच्या धुराच्या चिमणीकडे पाहत भजन गुणगुणत होते. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "कोण छे? मारी वेल कोण लई गयुं?" आवाजात एवढा आनंद होता की मला 'थँक्यू' म्हणावंसं वाटलं. जीभ चावून बाहेर पडलो.

गेटवर नागोराव. नागोराव नांदेडकडचा, कंपनीच्या गेटवर बरीच वर्षं. कुणाचीही पिशवी उघडून बघतो. त्याच्या स्वतःच्या जावयाची बघतो.

"साहेब, पिशवीत काय हाय?"

"चोरीचा माल."

"कुणाचा?"

"शेठचा."

"शेठला ठावं हाय का?"

"आहे."

"मग गेटपास दाखवा."

"अरे, गेटपास घेतला तर चोरी कशी होईल?"

नागोरावने पिशवीत डोकावून पाहिलं. पान दिसताच तो गंभीर झाला. "बराबर हाय. माझ्या भावजयीनं इचारून आणला होता. म्हयन्याभरात गेला." मग त्याने मान वर करून चिमणीचा धूर पाहायला सुरुवात केली. "जावा तुमी. म्या काय बघितलं नाही."

त्या संध्याकाळी बाटलीतल्या वेलाचा फोटो काढून मी कंपनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आज मोठ्या शेठच्या केबिनमध्ये यशस्वी चोरी. मुद्देमाल सुखरूप घरी.' ग्रुपवर हशा पिकला. मनुष्यबळ विभागाच्या मितेशने तर अंगठाही दाखवला आणि त्यापुढे टाळ्यांची रांग लावली.

वेल लागला. नुसता लागला नाही, माजला. बाल्कनीच्या जाळीवर चढला, वाळत घातलेल्या कपड्यांना धरू लागला, एकदा प्रफुल्लांच्या बनियनला गुंडाळी घालून बसला. समिधाने घरात घडणारी प्रत्येक बरी गोष्ट त्याच्या खात्यावर जमा करायला सुरुवात केली. आमच्या अपेक्षाला पुण्याला नोकरी लागली, ती वेलामुळे. माझा गुडघा दुखायचा थांबला, तो वेलामुळे. सोसायटीची लिफ्ट सुरू झाली तीदेखील. लिफ्ट पुन्हा बंद पडली तेव्हा मी वेलाकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, "त्याला पाणी घालायला तुम्ही विसरलात काल."

मग मोठ्या शेठनी कंपनी विकली आणि ते मुलीकडे वलसाडला राहायला गेले. नवे मालक मुंबईहून महिन्यातून एकदा येत आणि प्रत्येक खुर्चीकडे ती रिकामी असती तर किती छान दिसली असती अशा नजरेने पाहत. हिशेब खात्यात माणसं जास्त आहेत असं ठरलं. जास्त माणूस म्हणजे मी. मितेश, जो कालपर्यंत माझ्या डब्यातल्या उकडहंडीसाठी सुरतेचं लोणचं घेऊन यायचा, तो माझ्यापुढे कागद घेऊन बसला.

"सावेसाहेब, राजीनामा. स्वेच्छेने."

"स्वेच्छा कोणाची?"

"तुमची."

"मला तर झालेली नाही."

"होईल ना. वेळ घ्या."

मी वेळ घेतला, इच्छा झाली नाही. मितेश वाईट माणूस नाही. त्याच्याकडून कुणीतरी काहीतरी मागितलं होतं आणि ते तो माझ्याकडून मागत होता. मी देईना, तेव्हा तो ग्रुपवरचे जुने संदेश चाळत बसला. आठवड्याभरात माझ्या टेबलावर आरोपपत्र आलं. 'कंपनीची एक जिवंत जंगम मालमत्ता आपण अप्रामाणिक हेतूने हलवली असून त्याची जाहीर कबुली दिली आहे.' शेठच्या केबिनमधला मूळ वेल दरम्यान वाळला होता. नव्या मालकांनी एसी बदलताना त्याची कुंडी जिन्यात ठेवली होती, आणि जिन्यात कुणी राहत नाही, तर वेल कसा राहील. पण आरोपपत्रात त्याच्या मृत्यूचा ठपकाही माझ्यावरच होता. मी त्याचा 'जोम' नेला म्हणे. जोम हा मालमत्तेच्या कुठल्या सदरात धरतात, हे मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही.

खात्यांतर्गत चौकशी झाली. चौकशी अधिकारी बाहेरून आणलेले एक गृहस्थ होते, ते सतत घड्याळ पाहत.

"तुम्ही चोरी केलीत?"

"हो. पण तशी नाही."

त्यांनी लिहिलं, 'हो.'

"अहो, 'तशी नाही' पण लिहा ना."

"तशी म्हणजे कशी?"

मी काकी, पाठ, ओरडणं, आभार न मानणं, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'कामगाराने चोरीची पद्धत सविस्तर सांगितली.'

मला काढून टाकलं. चोरीसाठी. हिशेब खात्यातल्या माणसाला चोरीसाठी काढणं म्हणजे पोहणाऱ्याला बुडाला म्हणून जाहीर करणं. बोईसरमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी दोन-तीन ठिकाणी नोकरी विचारायला गेलो, तर साहेब माझ्याशी बोलता बोलता टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावत. काय चोरलं हे कुणी विचारत नव्हतं. माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, अपेक्षाचं लग्न व्हायचं होतं, आणि माझ्या नावापुढे एकच शब्द लागला होता. तो पुसल्याशिवाय मला ना खुर्ची मिळणार होती, ना मान वर करून बाजारात जाता येणार होतं.

तेव्हा मी पालघर गाठलं. तिथे अ‍ॅडव्होकेट मेघाली वकिली करते. समिधाच्या मामेभावाची मुलगी, मला काका म्हणते. वयाने लहान, पण समोरच्याला वाक्य पूर्ण न करू देण्याची विद्या तिने लवकर आत्मसात केली आहे. नोकरीवर परत घेण्यासाठी दावा लागला, कंपनीने लेखी कैफियत दिली, आणि त्या कैफियतीत पुन्हा तीच चोरी, आता आणखी रंगवून. मेघाली ती वाचताना मधेच हसली.

"काका, आपण एक गंमत करू. चोरीच्या मुद्द्यावर साक्षीपुरावे नकोतच. आपण आधीच म्हणायचं, कंपनीने लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं आहे असं समजू. तरी त्यातून चोरी होत नाही. आरोप पायातच लंगडा आहे, तो आधी निकाली काढा."

"म्हणजे मी चोर आहे असं समजायचं?"

"तेवढ्यापुरतं."

"तेवढं म्हणजे किती?"

"न्यायाधीश बाई निर्णय देईपर्यंत."

"आणि तोपर्यंत मी कोर्टात काय म्हणून बसायचं?"

"काका, तुम्ही बसायचं. 'म्हणून' मी बघते."

मग तिने मला कायदा सांगितला. चोरी व्हायला वस्तू हलवता येण्यासारखी लागते, ती दुसऱ्याच्या ताब्यात लागते, हेतू खोटा लागतो आणि त्या दुसऱ्याची संमती नसावी लागते. यातलं एक गळलं तरी चोरी पडली. "पूर्वी हे कलम तीनशे अठ्ठ्याहत्तर होतं, आता नव्या संहितेत तीनशे तीन झालंय."

"आकडा कमी झाला म्हणजे गुन्हा हलका झाला का?"

"काका."

"बरं, पण मला एक मुद्दा मांडू दे. कंपनीच्या मालमत्तेची नोंदवही मीच ठेवायचो. त्यात पंखे आहेत, खुर्च्या आहेत, लक्ष्मीचा फोटोसुद्धा आहे. वेल नाही! जे नोंदीतच नाही ते चोरीला कसं जाईल?"

"काका, ते म्हणतील की तुम्हीच मुद्दाम नोंदवला नाही."

हिशेबाचा माणूस आयुष्यभर ज्या मुद्द्यावर उभा असतो तोच वकील दोन शब्दांत काढून घेतात. मेघालीच्या ऑफिसातून बाहेर पडताना मला वाटलं, चोरी ही.

घरी येऊन समिधाला सगळं सांगितलं. ती खूष होईल असं वाटलं होतं. ती पोळी लाटता लाटता थांबली. समिधा घाबरली किंवा रागावली की माहेरच्या बोलीत शिरते.

"म्हंजे कोर्ट म्हणणार, चोरी झालीच नाय?"

"हो."

"मग तो वेल चोरलेला नाय."

"नाही."

"मग तो जगल कसा?"

यावर कुठल्याही संहितेत उत्तर नव्हतं. तिच्या मते मी खटला जिंकायलाच हवा होता, नोकरी परत मिळायलाच हवी होती, आणि तरीही चोरी चोरीच राहायला हवी होती. "वकिलीणबाईंना सांगा, काय तरी मधलं काढा." मी तेही मेघालीला विचारलं. ती म्हणाली, "काका, आत्याला सांगा, कोर्टाचा वेलांवर अंमल चालत नाही."

प्रफुल्लांचं मत अगदी वेगळं. "मेघालीचं वय काय? अशा वेळी साक्षीदार लागतो. मोठ्या शेठना आणा. ते म्हणाले मी संमती दिली, की संपलं." मला पटलं. मेघालीला न विचारता मी वलसाडला फोन लावला. शेठना माझ्यावर गुदरलेला प्रसंग ऐकून खरंच वाईट वाटलं.

"अरे, सावेभाई! तुमच्यावर चोरीचा आळ? तुमच्यावर?"

"शेठ, तुम्ही फक्त एवढं सांगा की तुम्ही परवानगी दिली होती."

ते हळूच म्हणाले, "वेल कसा आहे?"

"मस्त आहे. जाळीवर चढलाय."

"मग मी असं कसं म्हणू? परवानगी दिली असं म्हटलं तर ती भेट झाली ना! वहिनीचा वेल सुकून जाईल. नाय नाय. तुम्ही सरखी चोरी केली. मी पाठ फिरवली होती, मी काय बघितलं नाय. कोर्टात विचारलं तर मी हेच सांगणार. तुमच्यासाठी एवढं तर करेन मी."

त्यांच्या प्रेमाने माझे डोळे पाणावले आणि माझ्या बाजूचा एकमेव साक्षीदार गेला. मेघालीला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळ टेबलावर टेकवलं. "काका, यापुढे कुणालाही फोन करू नका. घड्याळाची वेळसुद्धा विचारू नका."

पण प्रफुल्ल थांबणाऱ्यांतले नव्हते. सुनावणीच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "मुद्देमाल हजर करा. न्यायाधीशांना डोळ्यांनी दिसू दे की एवढीशी फांदी होती." मी म्हटलं, आता ती एवढीशी कुठे आहे? तरीही, त्यांची गाडी होती आणि उत्साह होता. सकाळी आम्ही तिघं वेल जाळीवरून सोडवायला बसलो. तो सोडवून घेईना. एक बाजू सोडवावी तर दुसरी बाजू प्रफुल्लांच्या मनगटाला धरे. शेवटी कुंडी समिधाच्या मांडीवर, वेलाचं अंग मागच्या सीटवर, आणि शेंडा खिडकीबाहेर, असे आम्ही बोईसरहून पालघरला निघालो. रस्त्यात एका सिग्नलला टेम्पोतून एक बाई वाकून म्हणाली, "ओ ताई, कुठून चोरला? झकास हाय!" समिधाला तो दिवसातला पहिला चांगला शकुन वाटला. मी काच वर केली. काचेत शेंडा अडकला. पुढचा बराच रस्ता मी काच खाली-वर करत बसलो होतो.

कोर्टाच्या दारात शिपाई म्हणाला, "झाडं आत नाय न्यायची."

"हा मुद्देमाल आहे."

"कुठल्या खटल्यातला?"

"माझ्या."

"तुमी कोण?"

"आरो... म्हणजे, अर्जदार."

शिपायाने माझ्याकडे नीट पाहिलं. "एक काय ते ठरवा."

शेवटी वेल व्हरांड्यातल्या बाकावर ठेवला आणि समिधा त्याच्याशेजारी बसली. मेघाली आली, तिने वेलाकडे पाहिलं, प्रफुल्लांकडे पाहिलं, आणि फाईल उघडून तिच्यात डोकं घातलं.

आमचा पुकारा व्हायला वेळ होता. व्हरांड्यात वर्दळ चालली होती. येणारा-जाणारा वेलाकडे पाहून जात होता. एवढ्यात कंपनीचे वकील आले. उंच, गंभीर, काळा कोट, हातात आमचीच फाईल. हा वेल कुठला याचा त्यांना पत्ता नव्हता. ते बाकापाशी थबकले, एक पान बोटांत धरून पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि समिधाकडे पाहिलं. समिधाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने हळूच तोंड फिरवून नोटीस बोर्ड वाचायला घेतला. वकीलसाहेबांनी नखाने गाठीखाली खुडलं आणि फांदी कोटाच्या खिशात सोडली.

मी उठून ओरडणार तोच समिधाने माझं मनगट दाबलं. "गप बसा. आत्ता नाय, त्यांची पाठ वळू द्या." आणि ते दारातून आत शिरताच ती मोठ्याने म्हणाली, "कोण हाय रे तिकडं?"

पुकारा झाला. न्यायाधीश बाई मध्यमवयीन, चष्मा नाकाच्या टोकाला. मेघाली उभी राहिली. इथे मी तिच्याबद्दल जे जे मनात आणलं होतं ते मागे घेतो. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, आजच्यापुरतं आम्ही कंपनीचं प्रत्येक वाक्य मान्य करतो. समजा, सावे चोर आहेत." माझी मान खाली गेली. मागच्या बाकावरून एक अनोळखी गृहस्थ माझ्याकडे वाकून बघायला लागले. "आता कैफियतीतला सातवा परिच्छेद बघा. कंपनीने लिहिलंय, अर्जदाराचा निर्ढावलेपणा इतका की त्याने तत्कालीन मालकांना आगाऊ सांगून, त्यांच्यासमोर, त्यांनी खुर्ची फिरवून पाठ केलेली असताना फांदी कापली. मॅडम, हे आमचं म्हणणं नाही, कंपनीचं आहे. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याला आधी सांगितलं, त्याने ऐकलं, आणि सोयीसाठी तोंड फिरवलं. संमती बोलूनच द्यावी लागते असं कायदा म्हणत नाही. तोंड फिरवून दिली तरी ती संमतीच."

मितेशने मला पुरता निर्लज्ज दाखवायच्या नादात ते वाक्य घातलं होतं. हात आखडता घेतला असता तर मी आजही चोर असतो.

कंपनीचे वकील उठले. आवाज भारदस्त. "मॅडम, तोंड फिरवणं म्हणजे संमती नव्हे! मालकाने पाहिलं नाही, मालकाला विचारलं नाही, आणि मालमत्ता नेली. अशा प्रकारे कुणीही कुणाच्याही दारातून काहीही..."

बोलता बोलता त्यांनी हात उंचावला. कोट वर सरकला. खिशातून एक हिरवंगार, तुकतुकीत, बदामी आकाराचं पान बाहेर डोकावलं. मेघालीने पाहिलं. मी पाहिलं. मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी पाहिलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा वर केला.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "खिशातलं पान आत घ्या. मग पुढे बोला."

वकीलसाहेबांनी खाली पाहिलं. मग त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं, जिथे दारातून समिधा, कुंडी आणि शेंडा दिसत होता. त्यांच्या मनात काय जुळलं ते चेहऱ्यावर एकेक करून उमटलं. त्यांनी पान आत घेतलं. पुढे मात्र ते फारसं बोलले नाहीत. म्हणाले, "माझं एवढंच म्हणणं आहे," आणि बसले.

निर्णय काही दिवसांनी आला. कैफियतीतला मजकूर जसाच्या तसा खरा धरला तरी त्यातून चोरीचा आरोप उभा राहत नाही, सबब तो मुद्दा निकाली. उरलेल्या प्रकरणात काही राम उरला नव्हता. कंपनीने तडजोड केली आणि मला परत घेतलं. मितेश पहिल्या दिवशी लोणच्याची बरणी घेऊन आला आणि टेबलावर ठेवून निघून गेला. मी ती जमा बाजूला धरली, पण मनात.

वेलाचं म्हणाल तर त्याने निर्णय वाचलेला नाही. पण समिधा रोज सकाळी त्याची पानं तपासते. एखादं पिवळं दिसलं की माझ्याकडे अशी पाहते जणू मी जिंकायला नको होतं.

माझं नाव स्वच्छ झालं. नको तितकं झालं. बोईसरात आधी 'सावे, ते चोरीवाले' म्हणत, आता 'सावे, ते कोर्टातून सुटलेले' म्हणतात. सोसायटीने मला खजिनदार केलं. गणपती मंडळाची पेटी माझ्याकडे आली. कंपनीत स्टोअरच्या किल्ल्या आधी तीन माणसांत फिरायच्या, त्या आता माझ्या कमरेला असतात आणि मी चालताना बैलासारखा वाजतो. शेजारी गावाला निघाले की किल्ली आमच्याकडे. लग्नाला निघाले की दागिन्यांचा डबासुद्धा. माझ्यापुढे कुणी पेन खिशाला लावत नाही, उलट माझ्या हातात देऊन जातात.

मेघालीने मला बजावलं होतं, "काका, गैरसमज नको. कोर्टाने तुम्ही प्रामाणिक आहात असं कुठेही म्हटलेलं नाही." मला ते सारखं टोचतं. म्हणून काल प्रफुल्ल नाशिकला निघताना किल्ली घेऊन आले, तेव्हा मी एकदाच सगळं स्पष्ट करायचं ठरवलं.

"अहो, नीट समजून घ्या. मी प्रामाणिक आहे हे सिद्ध झालेलं नाही. कोर्ट एवढंच म्हणालं की मी घेतलं असं धरलं तरी ती चोरी होत नाही."

"तेच तर!" प्रफुल्लांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवून वरून माझी मूठ मिटली. "बाकीच्यांनी नेलं तर चोरी होते. तुम्ही नेलं तरी होत नाही. असा माणूस शेजारी असताना आम्ही किल्ली दुसऱ्या कुणाकडे ठेवायची?"